चीनमधला पाळणा कुणी लांबवला?

चीनच्या आरोग्य खात्याने २०१७ साली प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना विचारलं होतं, एकूण किती मुलं होऊ द्यायचा विचार आहे? उत्तरांची सरासरी निघाली १.७६. २०१९ मध्ये ती १.७३ वर आली आणि २०२१ मध्ये १.६४ वर. त्यातही १९९० नंतर जन्मलेल्या स्त्रियांची सरासरी १.५४ होती, तर २००० नंतर जन्मलेल्या मुलींची १.४८. याच काळात सरकार उलट्या दिशेने चाललं होतं. १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक जोडप्याला दोन मुलांची मुभा मिळाली आणि २०२१ मध्ये तीन मुलांची. मुभा वाढत गेली आणि इच्छा आटत गेली.

याची कारणं म्हणून जे सांगितलं जातं ते साधारण ठरलेलं आहे. एक मूल धोरणाखाली पस्तीस वर्षं एकच मूल बघून लोकांना एकाचीच सवय झाली. शिकलेल्या मुली स्वतःपुरतं बघू लागल्या. शहरात मूल वाढवणं महाग झालं. पहिली दोन कारणं सरकारच्या सोयीची आहेत, कारण त्यांत दोष लोकांच्या मनाचा ठरतो आणि मन वळवायला घोषणा पुरतात. तिसरं कारण खरं आहे, पण अर्धं. माझ्या मते चिनी स्त्री मुलाचा विचार करते तेव्हा मुख्यतः एक अंदाज बांधत असते: बाळंतपणानंतर आपल्या हातात काय उरेल? नोकरी टिकेल का, दिवसातले किती तास आपले राहतील, आणि संसार फिसकटला तर बाहेर पडताना पदरात काय असेल? या प्रश्नांची उत्तरं तिच्या मनात ठरत नाहीत, कायद्यात आणि कचेऱ्यांत ठरतात. आणि तिथे मुलाचा भार काही मालकाच्या गळ्यात घातलेला आहे, काही आजीच्या, उरलेला सगळा आईच्या.

त्या १.६४ कडे जरा जपून पाहायला हवं. अशा पाहण्यांत तीन वेगळे प्रश्न असतात आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. ‘आदर्श कुटुंबात किती मुलं असावीत’ या प्रश्नाला लोक समाजाला शोभेल असं उत्तर देतात, त्यामुळे ते दोनच्या आसपास येतं. ‘तुमचा स्वतःचा विचार किती मुलांचा’ म्हटलं की आकडा खाली येतो. आणि प्रत्यक्षात मुलं होतात ती त्याहूनही कमी. २०२० च्या जनगणनेनुसार चीनचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं, १.३ होता, दोनच वर्षांत तो १.१ च्या खाली गेला. म्हणजे बोलणं आणि घडणं यांत अर्ध्या मुलाची तफावत आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांतही अशी तफावत असते, पण तिथे स्त्रिया बोलताना साधारण दोन म्हणतात. चीनमध्ये बोलण्यातलाच आकडा दोनच्या बराच खाली आहे, म्हणजे अडचणी समोर यायच्या आतच त्या गृहीत धरल्या गेल्या आहेत.

शिवाय सरासरीत वेगवेगळे निर्णय मिसळले जातात. पहिलं मूल व्हावं की नाही हे चीनमध्ये जवळजवळ पूर्णपणे लग्नावर ठरतं. दुसरं मूल ठरतं ते पहिल्याच्या वेळी घरात कोण किती राबलं यावर. तिसऱ्याचा विचार करणाऱ्या थोड्या कुटुंबांत पहिल्या दोन मुली असणं हे अजूनही मोठं कारण आहे. ‘तीन मुलांचं धोरण’ म्हणून २०२१ मध्ये जे जाहीर झालं त्याचा संबंध फक्त या शेवटच्या छोट्या गटाशी होता. खरी घसरण तर पहिल्या मुलात आहे. २०१७ मध्ये चीनमध्ये जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक, ५१ टक्के, दुसरी अपत्यं होती. तेव्हा याचा गाजावाजा धोरणाचं यश म्हणून झाला. त्याच वर्षी पहिल्या अपत्यांची संख्या सुमारे २५ लाखांनी घटली होती, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

जन्मदर हा नळ आहे आणि चावी आपल्या हातात आहे, अशी बीजिंगच्या नियोजनकारांची जुनी समजूत. इतिहास तिला साथ देत नाही. सत्तरच्या दशकात ‘उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर, थोडी मुलं’ ही मोहीम चालली तेव्हाच जननदर १९७० च्या सुमारे ५.८ वरून दशकाच्या शेवटी २.८ च्या आसपास आला होता. एक मूल धोरण त्यानंतर आलं. शान्शी प्रांतातल्या यीचंग तालुक्यात १९८५ पासून एक प्रयोग चालू होता: लग्न उशिरा करायचं आणि दोन मुलांत अंतर राखायचं, या अटींवर शेतकऱ्यांना दोन मुलांची परवानगी. बाकी देशात सक्ती, दंड आणि नसबंदी चालू असताना या तालुक्याची लोकसंख्या देशाच्या सरासरीपेक्षा हळू वाढली, आणि मुलामुलींचं प्रमाणही फारसं बिघडलं नाही. २००० नंतर जिआंग्सू प्रांतात अठरा हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. तिथेही दुसऱ्या मुलाची कायदेशीर परवानगी असलेल्या स्त्रियांपैकी फार थोड्यांनी ते होऊ दिलं होतं. २०१३ च्या अखेरीस पती-पत्नींपैकी एक जरी एकुलतं असेल तर दोन मुलांची मुभा मिळाली. पात्र जोडपी १.१ कोटी होती, वर्षभरात अर्ज आले दहा-अकरा लाख. एवढं समोर असूनही २०१६ मध्ये मोठ्या बाळलाटेची भाकितं झाली. त्या वर्षी सुमारे १.८ कोटी जन्म झाले, आणि २०२३ पर्यंत ते ९०.२ लाखांवर आले. सात वर्षांत निम्मे.

एक मूल धोरणाचा स्त्रियांच्या इच्छेवर परिणाम झालाच नाही, असं मला म्हणायचं नाही. झाला, पण सवयीचा नव्हे. शहरातल्या ज्या घरांना एकच मूल मिळायचं होतं आणि ते मुलगी निघालं, त्या घरांनी आपली सगळी शिल्लक तिच्या शिक्षणावर लावली. तिच्या वाट्याचं खाणारा भाऊच नव्हता. आज चीनच्या विद्यापीठांत निम्म्या किंवा त्याहून अधिक विद्यार्थिनी आहेत. ज्या पिढीला सरकार आता तीन मुलं होऊ द्या म्हणतंय ती याच मुलींची. त्यांना आईवडिलांनी लहानपणापासून स्पर्धा जिंकायला शिकवलं, आणि त्याच आईवडिलांच्या म्हातारपणाची जबाबदारीही त्यांच्या एकट्यांवर आहे, कारण वाटून घ्यायला भावंड नाही. (खेड्यांत चित्र वेगळं होतं. १९८४ नंतर बऱ्याच प्रांतांत पहिली मुलगी झाल्यास दुसऱ्या मुलाची मुभा मिळाली. मुलगी म्हणजे अर्धं मूल, असा त्याचा सरळ अर्थ.)

आता नोकरीचं बघू, कारण माझ्या मते गाठ तिथे आहे.

चीनमध्ये देशपातळीवर प्रसूती रजा ९८ दिवसांची आहे. त्यावर प्रत्येक प्रांत आपापली भर घालतो. २०२१ नंतर या भरीची चढाओढ लागली आणि बीजिंग, शांघायमध्ये एकूण रजा १५८ दिवसांवर गेली. रजेच्या काळातला भत्ता प्रसूती विम्याच्या निधीतून येतो. हा विमा २०१९ मध्ये आरोग्य विम्यात विलीन झाला, आणि त्याचा हप्ता मालक भरतो. प्रांताने वाढवलेल्या दिवसांचे पैसे कोण देणार, हे मात्र जागोजागी वेगळं आहे. कुठे निधी देतो, कुठे मालकाला द्यावे लागतात. निधी देतो तिथेही रजेवरच्या कर्मचारी स्त्रीचा सामाजिक विम्याचा हप्ता, बदली माणसाचा पगार आणि अडलेलं काम मालकाच्याच अंगावर येतं. गरोदरपणात, रजेत आणि मूल वर्षाचं होईपर्यंत तिला काढता येत नाही. मधे करार संपला तर तो आपोआप वाढतो. अंगावर पाजण्यासाठी तिला रोज एक तास द्यावा लागतो. संरक्षणं चांगली आहेत. पण ती सगळी आत आल्यानंतरची. मालकाला मोकळीक उरते ती दारातच, भरतीच्या वेळी, आणि तो ती पुरेपूर वापरतो.

शांघायमध्ये वडिलांना मिळणारी रजा १० दिवसांची. दोन सारख्या पात्रतेचे अर्जदार समोर असतील तर मालकापुढे एका बाजूला १० दिवसांची जोखीम असते आणि दुसऱ्या बाजूला १५८ दिवसांची. या हिशोबात त्याच्या मनात स्त्रीद्वेष असण्याचीही गरज नाही.

यावर बंदी आहे. २०१९ मध्ये नऊ सरकारी विभागांनी मिळून आदेश काढला: भरतीच्या वेळी स्त्रीला लग्न-मुलांबद्दल विचारायचं नाही, गरोदर आहे का याची चाचणी करून घ्यायची नाही, भेदभाव करणारी जाहिरात दिल्यास १० हजार ते ५० हजार युआन दंड. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित महिला हक्क कायद्यात हेच पुन्हा आलं. तरीही झाओपिन या नोकरभरतीच्या संकेतस्थळाच्या पाहण्यांत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया सांगतात की मुलाखतीत लग्न-मुलांबद्दल विचारलं गेलं. आणि न विचारताही कळतंच. अर्जावर वय असतं.

यात एक विपरीत गोष्ट घडली आहे. एक मूल धोरणाच्या काळात ‘लग्न झालं, मूल झालं’ अशा स्त्रीला भरतीत पसंती असे, कारण तिची रजा घेऊन झालेली असायची. २०१६ नंतर तिच्याकडूनही दुसऱ्या रजेची शक्यता धरली जाऊ लागली, २०२१ नंतर तिसऱ्या रजेची. दुसरं मूल नकोच असलेल्या स्त्रीलाही त्या मुभेची किंमत मोजावी लागली. वयाची रेघ वेगळीच. बऱ्याच खासगी जाहिरातींत ३५ च्या आतले उमेदवार मागतात. केंद्रीय सरकारी सेवेची मर्यादाही अलीकडे, २०२६ च्या भरतीसाठी, ३८ केली जाईपर्यंत ३५ च होती. पदव्युत्तर शिक्षण पंचविशीला संपतं. पहिल्या लग्नाचं स्त्रियांचं सरासरी वय २०२० च्या जनगणनेत २८ च्या जवळ होतं. तिशीला पहिलं मूल, तेहतिशीला दुसरं, आणि दुसऱ्या रजेवरून परत येते तोच पस्तिशी दारात. बढती, मूल आणि वयोमर्यादा या तिन्ही गोष्टी पाच-सहा वर्षांत कोंबायच्या तर त्यातली कोणती वगळायची, एवढाच प्रश्न उरतो. ज्यांना हा प्रश्नही पडत नाही अशा स्त्रिया वेगळ्याच. सुमारे २० कोटी लोक ‘लवचीक रोजगारात’, म्हणजे घरपोच सेवा, दुकानं, रोजंदारी अशा कामांत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना आजवर प्रसूती भत्ता नव्हताच. आता काही प्रांतांनी त्यांना विम्यात घ्यायला सुरुवात केली आहे.

आपल्याकडे २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठीची प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, तेव्हा हेच घडलं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि राज्य कामगार विम्यात येणाऱ्या स्त्रियांचे पैसे विमा महामंडळ देतं. त्यावरच्या पगाराचा सगळा भार, पन्नास किंवा अधिक माणसं असतील तर पाळणाघरासकट, मालकावर टाकला गेला. पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत स्त्रियांना मुलाखतीत काय काय विचारतात हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राचा जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १.७ होता. आणि २००५ मध्ये याच राज्याने सरकारी नोकरीसाठी दोन अपत्यांची अट घातली होती. चीनकडे बोट दाखवताना एवढं लक्षात असलेलं बरं.

नोकरी सांभाळून मूल वाढवायचं तर दिवसा त्याला बघणार कोण? चीनचं उत्तर एका शब्दात संपतं: आजी. तीन वर्षांखालच्या मुलांपैकी फार थोडी पाळणाघरात जातात. सरकारने २०२५ पर्यंत दर हजार लोकांमागे ४.५ जागांचं लक्ष्य ठेवलं होतं. बालवाडी तीन वर्षांनंतर सुरू होते, म्हणजे रजा संपल्यापासूनची अडीच वर्षं आजीची. चिनी कामगार स्त्रिया पन्नाशीला आणि कचेरीतल्या पंचावन्नला निवृत्त होत, त्यामुळे हे जमून जायचं: मुलीचं बाळंतपण आणि आईची निवृत्ती एकाच सुमारास. १ जानेवारी २०२५ पासून निवृत्तीचं वय पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढतंय, स्त्रियांचं ५५ आणि ५८ पर्यंत, पुरुषांचं ६३ पर्यंत. निवृत्तिवेतनाच्या हिशोबाने हे आवश्यकच होतं. पण या निर्णयाने देशातली सर्वांत मोठी आणि फुकट बालसंगोपन व्यवस्था आकसते आहे आणि तिची जागा घेणारी दुसरी अजून उभी नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी तर आजी साठीच्या पुढे असते. ‘माझी आई दुसऱ्यांदा नाही करू शकणार’ हे वाक्य अनेक घरांत दुसऱ्या मुलाचा विषय संपवतं. आणि त्यात आजीवर कुणी राग धरावा असं काही नाही.

खरं तर जागेचा प्रश्न सोपा आहे. मुलं घटल्यामुळे २०२३ मध्ये चीनमधल्या जवळपास १४,८०० बालवाड्या कमी झाल्या, २०२४ मध्ये आणखी २१,१०० च्या आसपास. इमारती आहेत, छोट्या खुर्च्या आहेत, बाई आहेत. अडचण अशी की तान्ह्या बाळाला सांभाळायला दर मुलामागे माणसं जास्त लागतात, त्यामुळे खर्च वाढतो, आणि तो पालकांच्या फीमधून भागवायचा म्हटलं की फी मध्यम पगाराच्या आवाक्याबाहेर जाते. मग जागा रिकाम्या राहतात आणि अधिकारी अहवालात लिहितात, मागणी नाही.

आणि वडील? २०१८ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्त्रिया रोज सरासरी १२६ मिनिटं घरकाम करत होत्या, पुरुष ४५. मुलांना सांभाळण्यात स्त्रियांची ५३ मिनिटं, पुरुषांची १७. बीजिंगमधल्या ‘यूवा’ नावाच्या लोकसंख्या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अहवालाने याचं पैशात रूपांतर केलं: मूल चार वर्षांचं होईपर्यंत आईच्या पगारी कामाचे २,१०६ तास जातात, म्हणजे सुमारे ६३ हजार युआनची मजुरी. वडिलांच्या पगारी तासांत लक्षणीय फरक पडत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बीजिंगच्या फांगशान न्यायालयाने नव्या नागरी संहितेच्या आधारे एका घटस्फोटित स्त्रीला घरकामाची भरपाई मंजूर केली, पाच वर्षांच्या संसाराबद्दल ५० हजार युआन. निकाल ऐतिहासिक होता. पण चिनी समाजमाध्यमांवर बायकांनी भागाकार केला, महिन्याला आठशे-साडेआठशे युआन निघाले, आणि त्यावरून जो निष्कर्ष काढायचा तो त्यांनी काढला.

पैशाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. त्याच संस्थेच्या हिशोबाने मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सरासरी ५.३८ लाख युआन, म्हणजे साधारण ६४ लाख रुपये लागतात. दरडोई उत्पन्नाच्या ६.३ पट. अमेरिकेत हे गुणोत्तर ४.११ आहे, जपानमध्ये ४.२६. दक्षिण कोरियाचं ७.७९, आणि कोरियाचा जननदर जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. जुलै २०२५ मध्ये चीन सरकारने पहिल्यांदा देशभरासाठी बालसंगोपन अनुदान जाहीर केलं: तीन वर्षांपर्यंत दर मुलामागे वर्षाला ३,६०० युआन. तीन वर्षांचे मिळून १०,८००, म्हणजे एकूण खर्चाच्या दोन टक्के. काही शहरं बरीच उदार आहेत. इनर मंगोलियातलं होहोट तिसऱ्या मुलासाठी एकूण एक लाख युआन देतं. हुबेईतलं थियेनमन (बीजिंगच्या चौकाशी याचा संबंध नाही) तिसऱ्या मुलासाठी सगळं धरून १.६५ लाखांपर्यंत देतं. तिथे २०२४ मध्ये जन्म १७ टक्क्यांनी वाढले आणि देशभरातून अधिकारी ते बघायला गेले. पण २०२४ हे चिनी पंचांगातलं ड्रॅगनचं शुभ वर्ष होतं, शिवाय कोविडमुळे खोळंबलेली लग्नं २०२३ मध्ये उरकली होती. देशभरातच त्या वर्षी जन्म ९५.४ लाखांवर चढले. थियेनमनचा किती वाटा अनुदानाचा आणि किती ड्रॅगनचा, हे एका वर्षावरून ठरत नाही. अनुदानाने बहुधा आधीच ठरलेलं मूल थोडं लवकर येतं. न ठरलेलं मूल ठरतं असं मानायला आधार कमी.

खर्चातला मोठा भाग शिक्षणाचा आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारने शिकवणीवर्गांचा धंदाच जवळजवळ बंद पाडला. हेतू पालकांचा ताण कमी करण्याचा. पण नववीनंतरच्या परीक्षेत साधारण निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवली जातात, ती चाळणी तशीच राहिली. चाळणी तशीच असेल तर शिकवणी बंद होत नाही, लपून चालते आणि महाग होते. त्यात स्थलांतरितांची भर: हुकोऊ म्हणजे रहिवासाची नोंद गावाकडची असेल तर विद्यापीठ प्रवेशपरीक्षा बहुतेक वेळा तिकडेच जाऊन द्यावी लागते. शहरात कारखान्यात काम करणाऱ्या आईपुढे मग दोनच वाटा: मूल गावी आजीकडे ठेवायचं, किंवा स्वतः नोकरी सोडून गावी जायचं.

या सगळ्याच्या आधी लग्न. चीनमध्ये जवळजवळ सगळी मुलं लग्नातच जन्मतात, आणि लग्नांची संख्या २०१३ च्या १.३४७ कोटींवरून २०२४ मध्ये ६१ लाखांवर आली. २०२१ मध्ये कम्युनिस्ट युवक संघटनेने १८ ते २६ वयोगटातल्या २,९०५ अविवाहित शहरी तरुणांची पाहणी केली. त्यातल्या ४३.९२ टक्के मुली म्हणाल्या, लग्न करणार नाही किंवा करीनच असं नाही. मुलग्यांमधल्या प्रमाणापेक्षा हे १९ टक्के-अंकांहून अधिकने जास्त. फरक मुलामुलींत आहे, म्हणून घरांच्या किमतींसारखं दोघांना सारखंच भिडणारं कारण इथे पुरत नाही. लग्नाच्या अटी दोघांना वेगळ्या आहेत, हेच कारण. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या भाष्यानुसार, आईवडिलांनी आपल्या मुलाच्या नावावर घेतलेलं घर त्याचं एकट्याचं ठरत असे. प्रथा अशी की घर नवऱ्याकडचे घेतात आणि सजावट, गाडी, घरखर्च बायकोकडून. दहा वर्षांनी घराची किंमत वाढलेली असते, गाडीची शून्य झालेली असते. २०२१ पासून संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्या काळात कुणीही एकाने माघार घेतली की अर्ज रद्द. मे २०२५ पासून लग्नाची नोंदणी मात्र देशात कुठेही, हुकोऊच्या पुस्तिकेशिवाय करता येते. आत यायला दार रुंद, बाहेर पडायला अरुंद. तरुण मुलींना हे कळत नाही असं समजणं धाडसाचं आहे.

लग्नाशिवाय मूल हवं असणाऱ्या स्त्रियाही आहेत. सिचुआन प्रांताने फेब्रुवारी २०२३ पासून जन्मनोंदणीसाठी लग्नाची अट काढली. पण कृत्रिम गर्भधारणेची आणि बीजांडं गोठवण्याची सोय अविवाहित स्त्रीला आजही नाही. २०१८ मध्ये नकार मिळालेल्या एका स्त्रीने बीजिंगच्या इस्पितळावर केलेला खटला ऑगस्ट २०२४ मध्ये शेवटच्या पायरीवर फेटाळला गेला. मुलं हवीत म्हणून देशभर अनुदान वाटायचं आणि स्वतःच्या खर्चाने मूल होऊ द्यायला तयार असलेल्या स्त्रीला दारातून परत पाठवायचं, ही विसंगती बीजिंगला खटकत नाही, कारण त्यांना मुलांबरोबर एका विशिष्ट घडणीचं कुटुंबही हवं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शी चिनफिंग यांनी अखिल चीन महिला महासंघापुढे ‘विवाह आणि प्रसूतीची नवी संस्कृती’ घडवण्याची गरज सांगितली. त्याच्या वर्षभर आधी निवडलेल्या २४ जणांच्या पॉलिटब्युरोत, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या धोरण ठरवणाऱ्या मंडळात, पाव शतकात पहिल्यांदा एकही स्त्री नव्हती.

विश्वासाचाही प्रश्न आहे, आणि तो आकड्यांत पकडता येत नाही. ज्या वस्ती-कार्यकर्त्यांच्या यंत्रणेने एके काळी स्त्रियांचे तांबी आणि गर्भपात मोजले, तिच्याच वारसांनी अलीकडे नवविवाहितांना फोन करून ‘गोड बातमी कधी’ असं विचारल्याच्या तक्रारी आल्या. उइगुर मुस्लिमांच्या शिन्जियांग प्रांतात तर २०१७ नंतर जन्मदर दोन वर्षांत जवळपास निम्मा झाला, तोही बाकी देशाला मुलं होऊ द्या म्हणत असतानाच. १ जानेवारी २०२६ पासून कंडोम आणि गर्भनिरोधक औषधांवर १३ टक्के मूल्यवर्धित कर लागला, १९९३ पासूनची सूट काढून. कंडोमच्या किमतीने कुणी मूल ठरवत नाही. पण सरकार आपल्याकडे काय म्हणून बघतं, हे त्यावरून कळतं.

काय करता येईल? सगळं केलं तरी जननदर दोनवर जाणार नाही. उदार रजा, स्वस्त पाळणाघरं आणि वडिलांसाठी राखीव रजा असूनही स्वीडनचा दर दीडच्या खाली गेला आहे, फिनलंडचा १.३ च्याही. चीनच्या बाबतीत १.० आणि १.३ यांतला फरकसुद्धा वर्षाला वीस-पंचवीस लाख मुलांचा आहे, तेव्हा थोड्या फरकालाही अर्थ आहे. वडिलांची रजा ३० दिवसांवर नेऊन ती आईला देता येणार नाही आणि सोडताही येणार नाही अशी करणं, हा भरतीच्या दारातल्या हिशोबावरचा सर्वांत थेट उपाय. पैशांचा विचार केला तर २०२५ च्या अनुदानासाठी केंद्राने ९० अब्ज युआन बाजूला ठेवले. तुलनेसाठी एक ढोबळ हिशोब: २०२४ इतकी, म्हणजे वर्षाला ९५ लाख बाळंतपणं, त्यातल्या निम्म्या आया पगारी नोकरीत, सरासरी पगार महिना ८,००० युआन, आणि ९८ दिवसांच्या वर प्रांतांनी वाढवलेले साधारण दोन महिने. हे सगळे दिवस निधीतून द्यायचे ठरवले तरी खर्च ७६ अब्जांच्या आसपास येतो. म्हणजे दर मुलामागे ३,६०० युआन वाटायला लागतात त्याहून कमी. ते पैसे कुणाच्या हातात रोख दिसणार नाहीत, उद्घाटनाला फीत कापता येणार नाही, पण मुलाखतीत समोर बसलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला नाकारायचं मालकाचं सर्वांत ठोस कारण त्याने जाईल.